खाटेपाशी कोण बसणार? : गोळीबारातले जखमी आणि आभासी वास्तव

यंत्राचा इतिहास लिहिताना त्या यंत्रापुढे बसवलेल्या माणसाचा इतिहास गाळायचा, ही प्रस्थापित इतिहासलेखनाची जुनी खोड आहे. रेल्वेचा इतिहास इंजिनापासून सुरू होतो, खडी फोडणाऱ्या मजुरापासून होत नाही. अमेरिकेतल्या एका नव्या प्रयोगाविषयी सध्या जे लिहिले-बोलले जाते, त्यातही हीच खोड दिसते. बंदुकीची गोळी लागून इस्पितळात आलेल्या जखमीच्या डोळ्यांवर आभासी वास्तवाचे यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट, बांधायचा. त्यातल्या दृश्यांच्या साहाय्याने त्याला सूडाच्या आणि पुन्हा जखमी होण्याच्या फेऱ्यातून बाहेर काढता येते काय ते पाहायचे, असा हा प्रयोग आहे. यंत्राचे नवल सर्वांना वाटते. मला मात्र त्या यंत्राआधी ती खाट दिसते, जिच्यावर हा जखमी पडलेला आहे. त्या खाटेपाशी आजवर कोण बसले, कोण बसले नाही आणि ज्यांनी बसायचे ठरवले त्यांना कोणी आडकाठी केली, हा इतिहास समजून घेतल्यावाचून यंत्राचे मोल ठरवता येणार नाही. या लेखात तोच इतिहास मांडण्याचा प्रयत्न आहे.

१

प्रथम परिस्थिती पाहू. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. खून २०,९५८ होते. देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १४ टक्के आहे. पण गोळीने ज्यांचा खून होतो त्यांत ते निम्म्याहून अधिक असतात. १९९३ साली बंदुकीच्या एकूण बळींचा आकडा चाळीस हजारांच्या घरात होता. पुढे तो उतरला, नंतर चढला, २०२१ नंतर पुन्हा उतरू लागला. आकडा असा चढतो आणि उतरतो. तो कोणाच्या वस्तीत चढतो-उतरतो, हे मात्र फारसे बदलत नाही.

हे असे का, याचे उत्तर जखमीच्या स्वभावात शोधण्याची तिथल्या व्यवस्थेला सवय आहे. वस्तुतः ते उत्तर नकाशात आहे. १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या संस्थेने शहरांचे नकाशे तयार केले आणि घरासाठी कर्ज देणे कुठे धोक्याचे आहे ते रंगांनी दाखवले. ज्या वस्त्यांत कृष्णवर्णीय राहत, त्यांना बहुतेक ठिकाणी तांबडा रंग मिळाला. तांबड्या भागात कर्ज नाही, म्हणून घराची डागडुजी नाही. घराला किंमत नाही, म्हणून मुलांच्या हाती द्यायला वारसा नाही. फिलाडेल्फियातील संशोधकांनी २०१८ साली हे जुने नकाशे आजच्या गोळीबाराच्या नोंदींशी ताडून पाहिले. जे भाग तेव्हा तांबडे रंगवले गेले होते, तिथेच आज गोळीबाराचे प्रमाण जास्त आढळले. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी कचेरीत बसून कोणीतरी रंगवलेल्या कागदाचे परिणाम आज इस्पितळाच्या दारात येऊन पडत आहेत.

या खाटेविषयीचा दुसरा महत्त्वाचा दस्तऐवज डेट्रॉइट शहरातला आहे. हिंसेत जखमी होऊन बरे झालेल्या रुग्णांचे पुढे काय होते, याचा मागोवा तिथल्या शल्यविशारदांनी घेतला आणि १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांचा ठावठिकाणा लागला त्यांपैकी ४४ टक्के पुन्हा हिंसेत जखमी झाले होते, आणि पाच वर्षांच्या आत २० टक्के मेले होते. शहरातली ही जखम म्हणजे जुनाट, पुन्हा पुन्हा उलटणारा रोग आहे, असे या डॉक्टरांनी म्हटले. म्हणजे गोळी काढली, टाके घातले, कागदावर बरा झाला असे लिहिले आणि माणूस होता त्याच कोपऱ्यावर नेऊन सोडला, तर त्याला उपचार म्हणायचे काय, हा प्रश्न त्या दिवसापासून वैद्यकापुढे उभा आहे.

२

खाटेपाशी कोण बसले हे पाहण्याआधी, माणूस खाटेपर्यंत पोचत तरी होता काय, हे पाहावे लागते. १९६० च्या दशकात पिट्सबर्ग शहरात कोणी अत्यवस्थ झाला की पोलिसांची गाडी येई, नाही तर अंत्यसंस्कार करणाऱ्यांची गाडी येई. औषधपाण्याचे ज्ञान असलेला माणूस गाडीत नसे. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत १९६७ साली फ्रीडम हाउस ॲम्ब्युलन्स सेवेचा पाया घातला गेला. बेशुद्ध माणसाला तोंडाने श्वास देण्याची पद्धत विकसित करणारे डॉ. पीटर सफार यांनी वस्तीतल्याच तरुणांना शिकवले. या तरुणांना कोणी काम देत नव्हते, काहींचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. तेच पुढे अमेरिकेतल्या पहिल्या प्रशिक्षित पॅरामेडिक मंडळींत गणले गेले. त्यांच्या वैद्यकीय संचालक डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी लिहिलेला अभ्यासक्रम पुढे देशभर वापरला गेला. आणि १९७५ साली शहराने स्वतःची सेवा सुरू करून फ्रीडम हाउस बंद केले. नव्या सेवेत मूळच्या माणसांपैकी थोडेच टिकले. ज्ञान घेतले, माणसे बाजूला सारली.

दुसरे उदाहरण शिकागोचे. शहराच्या दक्षिण भागातील शिकागो विद्यापीठाच्या इस्पितळाने १९८८ साली प्रौढांसाठीचे ट्रॉमा सेंटर खर्च परवडत नाही म्हणून बंद केले. २०१० साली त्याच भागातल्या अठरा वर्षांच्या एका तरुण कार्यकर्त्याला गोळी लागली. हे इस्पितळ थोड्याच अंतरावर होते. पण रुग्णवाहिकेने त्याला शहराच्या मध्यभागातील दूरच्या इस्पितळात नेले आणि तिथे तो मरण पावला. त्याच्या सोबत्यांनी, वस्तीतल्या मुलामुलींनी, आंदोलन उभारले. धरणे झाली, अटका झाल्या. अखेर १ मे २०१८ रोजी त्या विद्यापीठाचे प्रौढांचे ट्रॉमा सेंटर पुन्हा सुरू झाले. तीस वर्षे खाटच नव्हती. ती वस्तीने लढून मिळवली. आज तिथल्या एखाद्या खाटेवरच्या जखमीला कोणी हेडसेट लावला, तर त्या खाटेखाली हे आंदोलन आहे, हे विसरून चालणार नाही.

३

आता खाटेपाशी बसण्याचा इतिहास. बोस्टनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस डेबोरा प्रोथ्रो-स्टिथ ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी वैद्यकाचे शिक्षण घेत होती. मारामारीत जखमी झालेल्या एका तरुणाला ती टाके घालत असताना त्याने तिला सांगितले, की आज झोपू नका, ज्याने मला मारले तो थोड्याच वेळात इथे येईल. तिला शिकवले गेले होते ते टाके घालायला. पण तिच्या मनात आले: आत्महत्येचा प्रयत्न केलेला रुग्ण मी परत जातो आणि पुन्हा तेच करतो असे म्हणाला असता, तर आपण त्याला जाऊ दिले असते काय? त्याला थांबवून घेतले असते, मानसोपचारतज्ज्ञाला बोलावले असते. मग याला का जाऊ देतो? पुढे हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे हा विचार त्यांनी अभ्यासक्रमांतून आणि १९९१ च्या आपल्या ग्रंथातून मांडला. १९८७ साली त्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सार्वजनिक आरोग्य आयुक्त झाल्या.

प्रश्न डॉक्टरला सुचला. उत्तर मात्र एका जखमीने दिले, आणि ते ओकलंड शहरात दिले. या शहराचे नाव या पानांच्या वाचकांना अपरिचित नाही. ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी इथेच ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. त्याच्याच नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले. कृष्णवर्णीयांनी भरलेली बंदूक उघडपणे घेऊन पोलिसांवर नजर ठेवायला सुरुवात करताच १९६७ साली कॅलिफोर्नियाने भरलेली शस्त्रे बाळगून हिंडण्यावर बंदी घालणारा मलफर्ड कायदा केला आणि गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. बंदूक कोणाच्या हातात आहे यावर बंदुकीचा कायदा ठरतो, हा धडा अमेरिकेने तेव्हा जगाला दिला. पण पँथरांची आपल्याकडे फारशी चर्चा न झालेली दुसरी बाजू आहे. १९७० च्या सुमारास पक्षाच्या शाखांनी ठिकठिकाणी मोफत दवाखाने चालवले, रक्ताच्या सिकलसेल विकाराची तपासणी मोहीम काढली. वस्तीतल्या माणसाने वस्तीतल्या माणसाची शुश्रूषा करावी, हा विचार त्यामागे होता. आपण त्यांची वळलेली मूठ आठवणीत ठेवली, त्यांचे दवाखाने मात्र विसरलो.

२२ ऑगस्ट १९८९ रोजी ह्यूई न्यूटन ओकलंडच्याच रस्त्यावर गोळी लागून मेले. मारणारा पोलीस नव्हता. अमली पदार्थांच्या धंद्यातला एक तरुण होता. त्याच १९८९ साली त्याच शहरात अठरा वर्षांच्या शर्मन स्पीअर्स यांना गोळी लागली आणि पायांतली शक्ती कायमची गेली. इस्पितळात त्यांच्या भोवती डॉक्टर होते, सूडाची भाषा बोलणारे मित्र होते; पण या अवस्थेतून गेलेला आणि पुढे कसे जगायचे हे सांगू शकेल असा कोणी नव्हता. १९९४ साली स्पीअर्स चाकाच्या खुर्चीत बसून हायलंड इस्पितळात नव्या जखमींच्या खाटेपाशी जाऊ लागले. यूथ अलाइव्ह या संस्थेने चालवलेल्या या उपक्रमाला कॉट इन द क्रॉसफायर हे नाव मिळाले.

स्पीअर्स यांनी जे ओळखले ते नीट समजून घेतले पाहिजे. गोळी लागल्यानंतरचे पहिले काही दिवस निर्णायक असतात. वेदना असते, भीती असते, अपमान असतो. मित्र येऊन विचारतात, आता काय करायचे? या प्रश्नाला खाटेवरचा माणूस जे उत्तर देतो, त्यावर पुढचा खून अवलंबून असतो. त्या घटकेला उपदेश चालत नाही. पांढरा कोट घातलेल्याचे तो ऐकत नाही, खाकी वर्दीवाल्याशी बोलत नाही. ज्याच्या अंगावर तशीच खूण आहे, त्याचे मात्र तो ऐकून घेतो. आणि काम तिथे संपत नाही. घरी परतणे धोक्याचे असेल तर राहायचे कुठे, कोर्टाच्या तारखेला बरोबर कोण येणार, ओळखपत्र कसे काढायचे, शाळेत पुन्हा नाव कसे घालायचे, नोकरी कोण देणार, ही सर्व कामे तोच कार्यकर्ता पुढे महिनोन्‌महिने करतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या उपक्रमातल्या तरुणांना अटक होण्याची शक्यता इतर तशाच जखमींच्या तुलनेत ७० टक्के कमी आढळली. पुन्हा जखमी होण्याच्या बाबतीत मात्र तसा स्पष्ट फरक दिसला नाही. दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. चळवळीच्या बाजूचा पुरावाही तपासूनच घ्यावा लागतो.

बाल्टिमोरचे शल्यविशारद डॉ. कार्नेल कूपर स्वतः कृष्णवर्णीय. आपणच बरे करून पाठवलेले तरुण पुन्हा आपल्याच शस्त्रक्रियागृहात येतात, काही मरतात, हे पाहून त्यांनी १९९८ साली असाच उपक्रम सुरू केला. वारंवार जखमी झालेल्या, पॅरोलवर वा प्रोबेशनवर असलेल्या शंभर रुग्णांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना कार्यकर्त्याची साथ मिळाली त्यांच्यापैकी ५ टक्के पुन्हा हिंसेत जखमी होऊन आले. ज्यांना मिळाली नाही त्यांच्यापैकी ३६ टक्के आले. फिलाडेल्फियात डॉ. टेड कॉर्बिन आणि डॉ. जॉन रिच यांनी २००७ पासून हीलिंग हर्ट पीपल या नावाने काम उभे केले. त्यांनी या कामाला मनावरच्या आघाताची बाजू जोडली. ज्याला आपण गुंड म्हणतो त्याला रात्री झोप येत नाही, पाठीमागे पाऊल वाजले तरी तो दचकतो, आणि म्हणूनच तो शस्त्र जवळ बाळगतो, हे त्यांनी रुग्णांशी बोलून दाखवून दिले. अशा उपक्रमांचे राष्ट्रीय जाळे २००९ साली उभे राहिले.

४

इथे मी इतिहासाचा शिक्षक म्हणून थोडे माझ्याविषयी सांगतो, कारण हा विषय मला का भिडला ते त्यावाचून कळणार नाही. माझ्या घराण्यात मी पहिला पदवीधर. गावाकडचे कोणीही सरकारी इस्पितळात दाखल झाले की मला निरोप येतो. मला वैद्यकातले काही कळत नाही. पण केसपेपरवरचे इंग्रजी मला वाचता येते, औषध बाहेरून आणायचे की आतून मिळेल हे मी विचारू शकतो, आणि डॉक्टरांनी दोन शब्दांत सांगितलेले मी आमच्या बोलीत दहा वाक्यांत सांगू शकतो. एवढ्याने रुग्णाचा चेहरा बदललेला मी अनेकदा पाहिला आहे. आपले माणूस शेजारी आहे, ही औषधाइतकीच ठोस गोष्ट आहे. ओकलंडचा इतिहास वाचताना मला त्यातले तत्त्व परके वाटले नाही; नवल वाटले ते याचे, की तिथे हे काम पगारी नोकरी म्हणून मान्य करून घेण्यासाठी लढावे लागले. गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी विम्यातून अशा कार्यकर्त्याच्या कामाचे पैसे देण्याचे कायदे कनेक्टिकट आणि इलिनॉय या राज्यांत झाले, त्याला २०२१ साल उजाडले.

५

आडकाठी कोणी केली, तेही नोंदले पाहिजे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सी.डी.सी.ने, १९८३ साली हिंसेच्या अभ्यासासाठी स्वतंत्र शाखा काढली. १९८५ साली तेव्हाचे सर्जन जनरल एव्हरेट कूप यांनी हिंसा आणि सार्वजनिक आरोग्य या विषयावर परिषद भरवली. १९९३ साली डॉ. आर्थर केलरमन व सहकाऱ्यांनी दाखवले, की घरात बंदूक असली तर त्या घरात खून होण्याची शक्यता घटत नाही, उलट सुमारे पावणेतीन पट होते. बंदूकवाल्यांच्या संघटनेला हे झोंबले. १९९६ साली काँग्रेस सदस्य जे डिकी यांच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद मंजूर झाली. बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करण्यासाठी या केंद्राचा पैसा वापरू नये, असे तिचे शब्द. आणि बंदुकीच्या संशोधनावर आदल्या वर्षी जेवढे खर्च झाले होते नेमके तेवढे, २६ लाख डॉलर, अंदाजपत्रकातून त्या कामासाठी काढून घेतले गेले. वीस वर्षांहून अधिक काळ सरकारी संशोधन जवळपास गोठले. खुद्द डिकी यांनी पुढे २०१२ साली जाहीरपणे आपले मत बदलले. संशोधनासाठी अडीच कोटी डॉलर पुन्हा मंजूर झाले ते डिसेंबर २०१९ मध्ये.

त्यानंतरचा काळही सरळ रेषेचा नाही. जून २०२२ च्या कायद्याने वस्तीपातळीवरच्या हिंसाप्रतिबंधासाठी पाच वर्षांत २५ कोटी डॉलर ठरवले. जून २०२४ मध्ये सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी बंदुकीची हिंसा हे सार्वजनिक आरोग्यावरचे संकट आहे, असे अधिकृत निवेदन काढले. मार्च २०२५ मध्ये ते निवेदन सरकारी संकेतस्थळावरून काढून टाकले गेले आणि एप्रिल २०२५ मध्ये न्याय विभागाने अशा कामांची अनेक अनुदाने मुदतीआधीच रद्द केली. खाटेपाशी बसलेल्या माणसाचे पद असे सरकार बदलले की डळमळते. यंत्राची गोष्ट वेगळी. एकदा विकत घेतलेले यंत्र पगार मागत नाही.

६

आता यंत्राकडे वळू. डोक्यावर बांधायचे असे पहिले यंत्र इव्हान सदरलँड यांनी १९६८ साली बनवले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. वैद्यकात त्याचा उपयोग दोन वाटांनी आला. पहिली वाट वेदनेची. सिएटल येथे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाळ दरीचे दृश्य तयार केले. जखमेची मलमपट्टी बदलताना रुग्ण त्या दरीतून जातो, बर्फाचे गोळे फेकतो, आणि लक्ष तिकडे गुंतल्याने त्याला वेदना कमी जाणवते. दुसरी वाट भयाची. १९९७ साली अटलांटा येथे बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी हेलिकॉप्टरचे आणि जंगलातल्या मोकळवनाचे दृश्य रचले. उपचार करणारी व्यक्ती शेजारी असते. सैनिक हळूहळू त्या प्रसंगाला पुन्हा सामोरा जातो. आठवण तीच राहते, पण तिची धार बोथट होते. पुढे इराक युद्धातल्या सैनिकांसाठीही असेच केले गेले.

गोळी लागलेल्या तरुणाच्या बाबतीत या दोन्ही वाटा येऊन मिळतात, आणि तिसरी त्यांना जोडली जाते: सरावाची. वैमानिक जसा जमिनीवर बसून वादळातले उड्डाण शिकतो, तसा हा तरुण खाटेवर बसून चिथावणीच्या प्रसंगाला सामोरा जाईल. समोरचा डिवचतो, मित्र भरीस घालतात, खिशात हात जातो. तिथे थांबायचे, श्वास घ्यायचा, दुसरे उत्तर निवडायचे, त्याचा परिणाम पाहायचा. चूक झाली तरी कोणी मरत नाही, पुन्हा करता येते. ही कल्पना टाकाऊ नाही, हे मी आधीच सांगतो. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला अफूजन्य औषध थोडे कमी लागले तर ते चांगलेच आहे. रात्री दोन वाजता कार्यकर्ता हजर नसतो, तेव्हा या यंत्राने आधार दिला तर तोही चांगलाच. नव्या साधनाला केवळ ते नवे म्हणून नकार देणे हे परिवर्तनवादी माणसाला शोभणारे नाही.

पण इथेच मूलभूत फरक ध्यानात घेतला पाहिजे. सैनिकाचे युद्ध संपलेले असते. तो हजारो मैल दूर घरी परतलेला असतो. त्याचे भय आता खोटे आहे हे त्याला शिकवायचे असते, आणि ते खरोखरच खोटे असते. गोळी लागलेला तरुण इस्पितळातून सुटला की त्याच कोपऱ्यावर परततो. त्याचे भय खरे आहे. मागे वळून पाहण्याची सवय त्याला जगवते. त्याला भय सोडायला शिकवायचे आणि धोका तसाच ठेवायचा, याला उपचार म्हणता येणार नाही. त्याच्यासाठी दुसरे घर शोधणे, वैर मिटवायला मध्यस्थ पाठवणे, रोजगार मिळवून देणे, ही कामे दृश्यात करता येत नाहीत. हेडसेट काढून ठेवता येतो, वस्ती काढून ठेवता येत नाही.

७

यातून काही प्रश्न उभे राहतात. ते अशा प्रत्येक प्रयोगाला विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न: दृश्य कोणी लिहायचे? त्या दृश्यातला रस्ता, त्यातली भाषा, चिथावणी देणाऱ्याचा चेहरा हे सर्व कोणीतरी ठरवते. ज्याने ती वस्ती केवळ बातमीत पाहिली, त्याने लिहिले तर त्यात वस्ती येणार नाही, वस्तीविषयीचा पूर्वग्रह येईल. साहित्यात हा झगडा आपण केला आहे. आपले जगणे कोण लिहिणार, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. स्पीअर्ससारखी माणसे दृश्याचे लेखक झाली तर यंत्राला अर्थ आहे.

दुसरा प्रश्न: नोंदी कोणाच्या हाती? हे यंत्र डोके कुठे वळले, हात कुठे गेला हे टिपते. काही यंत्रे नजरही टिपतात. गोळी लागलेल्या माणसाच्या खाटेपाशी पोलीसही येतात. आभासी प्रसंगात त्याने काय निवडले याची नोंद उद्या त्याच्याविरुद्ध वापरली जाणार नाही, याची लेखी हमी कोण देणार? अमेरिकेतले पोलीस गोळी झाडावी की न झाडावी याचे शिक्षण अशाच बनावट प्रसंगांतून घेत आले आहेत, हेही विसरता येत नाही.

तिसरा प्रश्न: सराव फक्त जखमीनेच का करायचा? अमेरिकेत नागरिकांच्या हातांत सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका असल्याचा अंदाज २०१८ साली स्मॉल आर्म्स सर्व्हे या जिनीव्हातील संस्थेने दिला. म्हणजे माणसांपेक्षा बंदुका अधिक. २००५ सालच्या कायद्याने बंदुकीच्या उत्पादकांना बहुतेक नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण दिले. बंदूक बनवणारा मोकळा, विकणारा मोकळा, नकाशा तांबडा करणारा इतिहासजमा, आणि संयमाचा धडा मात्र पोटाला टाके पडलेल्या मुलाने गिरवायचा. त्याने संयम शिकू नये असे कोणी म्हणणार नाही. पण सगळा हिशेब त्याच्याच खात्यावर मांडणे, हे व्यवस्थेने स्वतःला दिलेले निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र आहे.

चौथा आणि सर्वांत व्यवहारी प्रश्न: यंत्र कोणाबरोबर येते आणि कोणाच्या जागी येते? फ्रीडम हाउसचा इतिहास इथे सावध करतो. वस्तीतल्या माणसांकडून पद्धत शिकायची, तिला साच्यात बसवायचे आणि मग त्या माणसांना घरी पाठवायचे, हे एकदा झालेले आहे. स्पीअर्स यांच्या तीस वर्षांपूर्वीच्या शोधाचे यंत्रात रूपांतर करून खाटेपाशी बसणाऱ्याची जागा रिकामी केली, तर तीच गोष्ट पुन्हा घडेल. इस्पितळाचे हिशेबनीस या मोहापासून दूर राहतील असे मानायला इतिहासात आधार नाही. फिलाडेल्फियातल्या ज्या हानेमन इस्पितळाशी हीलिंग हर्ट पीपल या उपक्रमाचे नाते होते, ते इस्पितळच २०१९ साली पैशाच्या कारणावरून बंद झाले.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे. गोळी लागलेल्या माणसाला वाचवण्याचे जे काही आजवर साधले, ते वस्तीतल्या माणसाने साधले: पिट्सबर्गच्या गाडीत, शिकागोच्या धरण्यात, ओकलंडच्या चाकाच्या खुर्चीत. विज्ञानाने त्याला आकडे दिले, कधी साधने दिली. आभासी वास्तव हे असेच एक साधन आहे. ते त्या माणसाच्या हातात असेल तर कामाचे आहे, त्याच्या ऐवजी असेल तर घातक आहे. माझे विद्यार्थी अशा प्रयोगांविषयी उत्साहाने विचारतात, त्यांनी विचारावेच. त्यांना मी एक साधी कसोटी सांगतो. असा एखादा अहवाल हाती आला तर यंत्राची किंमत कोणत्या पानावर आहे ते शेवटी पाहा. आधी हे शोधा, की खाटेपाशी बसणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार किती महिन्यांसाठी मंजूर झाला आहे.